मोबाइलमधलं कपाट

...आणि मग हिंदुरावानं भजनाच्या डबीतली कॅसेट काढून शरबताच्या भांडणाच्या डबीत घातली, आणि शरबताचं भांडण भजनाच्या डबीत. इथवर काल आलो होतो. तेवढ्यात जेवायची हाक आली म्हणून राहिलं. काल जे नव्हते त्यांना वाटेल, हा हिंदुराव कोण आणि भर दुपारी पंखा बंद करून, चोरासारखा पाटावर बसून हा उद्योग करायला त्याला कुणी सांगितलं? कुणी नाही सांगितलं. जळफळाटानं सांगितलं. आणि जळफळाट कुणावर? दुसऱ्या माणसावर असता तर एक वेळ समजलं असतं. मोबाइलवर!

तर आधी माणूस सांगतो. हिंदुरावानं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून जन्म काढला. जॉबर म्हणजे बिघडलेला माग सुधारून परत चालू करून देणारा. मूळचा तो उजनीच्या पाण्याकाठचा, सासुरवाडीही तिथलीच. कारखान्यात दिवसभर खटखट खटखट. शेजारच्या माणसाला हाक मारायची तर कानात तोंड घालावं लागायचं. त्यामुळं की काय, कारखान्याबाहेरचा कुठलाही आवाज त्याला सोन्यासारखा वाटायचा. पहिला धड बोनस हातात आला तेव्हा रंभाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं होतं की घरात लोखंडी कॉट येणार. आला तो टेपरेकॉर्डर. रंभाबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली होती, "बरं हाय. आता ह्येच्यावरच झोपू."

त्या टेपवर हिंदुरावानं काय काय भरून घेतलं म्हणून सांगू! लग्नं, बारशी, गोंधळ, गावातल्या निवडणुकीची भाषणं, मळ्यातली मोटर पहिल्यांदा सुरू झाली तो आवाज. एका कोऱ्या कॅसेटीच्या दोन्ही बाजू भरून तात्याबाचा बैल आहे. तात्याबा म्हणजे रंभाबाईचा भाऊ. बैल हंबरला की हिंदुराव माईक पुढं करायचा आणि माईक पुढं केला की बैल गप्प बसायचा. सबंध कॅसेट ऐकली तर शेवटाला एकदा हंबरतो. पण तिथपर्यंत तात्याबा त्याची जी मनधरणी करतो, "बोल की राजा, दाजी सोलापुरास्नं आल्यात," ती ऐकण्यासारखी आहे.

शरबताचं भांडणही असंच हाती लागलेलं. एका लग्नात मंगलाष्टकं भरून घ्यायला म्हणून हिंदुरावानं मांडवाच्या खांबाला माईक बांधला. नेमकं नवऱ्यामुलाच्या मामाला शरबत उशिरा मिळालं, आणि मामा खांबाला टेकूनच बोलायला लागला. मंगलाष्टकं राहिली बाजूला, सगळा मामाच भरला. गंमत पुढंच आहे. तोच मामा सोलापुरात आला की हिंदुरावाच्या घरी हटकून यायचा, ती कॅसेट लावून घ्यायचा आणि मांडीवर थाप मारून म्हणायचा, "काय बोललोय हो मी! आता नाही जमायचं."

अशा कॅसेटींनी एक अख्खं कपाट भरलं. पुढं सीड्या आल्या, लग्नाच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटी आल्या, त्याही तिथंच. कुणालाही काही ऐकायचं असलं की हिंदुरावाकडं यायचं. पण नुसती कॅसेट कुणाला मिळत नसे. आधी बसायचं. मग ती कॅसेट कशी भरली ती गोष्ट. गोष्टीतून दुसरी गोष्ट. मग रंभाबाईचा चहा. आणि मग हिंदुराव उठून, टेपवरचा टॉवेल बाजूला करून, कपाटाकडं न बघताच हात घालायचा. कारखान्यातली नोकरी संपल्यावर त्याच्याकडं दुसरं कुठलं पद उरलं नव्हतं. हेच होतं. लोक येतात आणि आपल्याला विचारतात.

मग आली अंकिता. त्याच्या थोरल्या मुलाची मुलगी, शहरातल्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. परीक्षा संपली आणि तिनं कपाट बघून डोक्याला हात लावला. म्हणाली, आजोबा, हे सगळं मोबाइलमध्ये घालू. प्रत्येक कॅसेटीचा, सीडीचा फोटो काढायचा, नाव लिहायचं, कुठल्या कप्प्यात आहे ते लिहायचं. मग घरातल्या ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच कपाट उघडणार. शोधायचं नाव सांगितलं की मोबाइल जागा दाखवणार. गाणी आत भरायचं काम नंतर सावकाश, आधी नुसती यादी.

हिंदुराव आधी खूश झाला होता बरं का! नवं धोतर नेसून बसला. त्याला वाटलं, नात समोर बसणार, आपण एकेक कॅसेट हातात घेऊन सांगणार.

"आजोबा, फक्त नाव सांगा."

"नाव काय सांगू? आदी ऐक तरी. त्या दिवशी तात्याबाचा बैल सकाळपास्नंच रुसल्याला..."

"आजोबा, बैल लिहायला जागा नाही हो इथं. नाव, साल आणि जागा. एवढंच."

"कसली जागा?"

"कॅसेट कुठं ठेवलीय ती. वरचा कप्पा, मधला कप्पा, असं."

सगळा बैल एका ओळीत बसला: 'तात्याबांचा बैल, मधला कप्पा.' हिंदुराव त्या ओळीकडं बघत राहिला. पहिली ठिणगी पडली ती तिथं.

पण खरी आग रंभाबाईनं लावली. बाई शाळेत गेली ती चौथीपर्यंत. तिच्या मोबाइलवर अंकितानं ते कपाट उघडून दिलं आणि दाखवलं की लिहायचंसुद्धा कारण नाही, नुसतं बोलायचं. दुसऱ्या दिवसापासून रंभाबाई भाकरी थापता थापता मोबाइलशी बोलायला लागली. त्याला तिनं नावही दिलं, 'बाई'. "बाई, जागरणाची गाणी कुटं हायती गं? सांग बघू माजी सोन्याची." बाई सांगायची. रंभाबाई पिठाचे हात पुसून कपाटातून कॅसेट काढायची, टेपात घालायची, आणि गाणं सुरू. बाहेरच्या खोलीत हिंदुराव पेपर उलटा धरून बसलेला.

एक दिवस त्याला राहवलं नाही. "एवढ्या वर्सात मला कंदी सोन्याचं म्हणालीस व्हय?"

"तुमाला इचारलं की आदी बैल येतो, मंग मामा येतो, मंग च्या. कॅसेट हातात यीस्तवर माजी भाकरी करपती."

"करपलेली भाकरी म्या कंदी टाकली का?"

"टाकली न्हाय. पर गोष्ट बी कंदी बदलली न्हाय."

हिंदुराव मोबाइलकडं वाकड्या नजरेनं बघू लागला. चार्जिंगला लावलेला दिसला की पालथा करून ठेवायचा. एकदा तर त्यावर टॉवेल टाकला. रंभाबाई म्हणाली, "काय वो हे? सवत आणल्यागत बगताय त्येच्याकडं."

"सवत बायकास्नी असती. मला कुटली?"

"मंग तोंड का पाडलंय?"

शेजारची गुरम्मा हीसुद्धा फिरली. ही अक्कलकोटाकडची, बोलण्यात निम्मं कानडी आणि वाक्यामागं आदराचं 'री'. पूर्वी दर सोमवारी यायची, "अण्णा, भजन लावा री," म्हणून दारात बसायची आणि बैलाची गोष्ट तिला पाठ झाली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. आता ती थेट स्वयंपाकघरात जाई. रंभाबाई बाईला विचारी, बाई कप्पा सांगे, आणि गुरम्मा पदराखाली कॅसेट घेऊन हिंदुरावाच्या समोरून निघून जाई. "येते री अण्णा!" बास, एवढंच. आणि तात्याबा! तो आठवड्याला गावाकडून फोन करायचा, "दाजी, अमकं हाय का, तमकं हाय का?" त्याच्याही मोबाइलवर अंकितानं ते कपाट उघडून दिलं होतं. तेव्हापासून त्याचा फोन येणं बंद. हिंदुराव दर रविवारी आपला मोबाइल खिशातून काढून बघायचा, कुठं मुका तर नाही ना झाला.

म्हणून ती दुपार. रंभाबाई भिशीला गेलेली, अंकिता कॉलेजात. हिंदुरावाच्या मनात एवढंच होतं, की एकदा तरी ती बाई चुकावी. भजन आणि भांडण यांची अदलाबदल केली आणि थांबणार होता. पण हाताला चव लागली. जळणाऱ्या माणसाचा हात एकदा चालू झाला की मागासारखा चालतो. त्यानं जागरणाची कॅसेट निवडणुकीत घातली, निवडणूक बारशात घातली, बारसं बैलात. डब्या जागच्या जागी, आतल्या कॅसेटी फिरलेल्या. आणि घरी भरलेल्या कॅसेटीवर नाव नसतंच. उन्हाळ्यात चिकटवलेला कागद सुटून टेपात अडकतो, म्हणून हिंदुराव नाव फक्त डबीच्या कागदावर लिहायचा. बाहेरून सगळ्या काळ्या कॅसेटी सारख्या. पण त्याला काळजी कसली? कपाट कुणाचं? त्याचं. कुठली कुठं घातली, हे आपल्याला आपल्या बोटांसारखं ठाऊक, असं म्हणून त्यानं कपाट लावलं आणि पंखा सुरू केला.

सोमवारी गुरम्मा भजनाची डबी घेऊन गेली आणि लगेच धापा टाकत परत आली. "अण्णा, हे काय री! देवापुढं टेप लावला तर आत मामा ओरडतोय, शरबत कुठाय म्हणून!"

रंभाबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "बाई तर हीच डबी दाखवती की."

हिंदुराव सावकाश उठला. इतका सावकाश, की गुरम्माला बसावंच लागलं. "यंत्राला काय कळतंय? हिकडं इचारायचं सोडून..." असं म्हणत त्यानं शरबताच्या डबीत हात घातला आणि आतली कॅसेट काढून गुरम्माच्या हातात ठेवली. वाजवून बघायचीसुद्धा गरज वाटली नाही त्याला. "हे घ्या तुमचं भजन. न्हाय निघालं तर परत माज्याकडं या."

गुरम्मा परत आली नाही. म्हणजे बरोबर लागली! त्या दिवशी हिंदुराव एक भाकरी जास्त जेवला, शेंगाची चटणी दोनदा मागून घेतली आणि जाता जाता मोबाइलवर अशी नजर टाकली, की कुस्ती मारून आलेला पैलवानही तशी टाकत नाही.

असा तो खुशीत असताना दारात रिक्षा थांबली. तात्याबा उतरला, मागून त्याची नात रेश्मा. तिचं लग्न ठरलेलं, राहिलेला बस्ता बांधायला सोलापुरात आलेले. हातात पिशव्या, डोक्यावर ऊन. पाणी पिऊन होतं न होतं तोच तात्याबा म्हणाला, "आक्का, परवा पोरीची हळद. पर गाणी कोण म्हणणार? म्हाताऱ्या सगळ्या गेल्या. आताच्या पोरी सिनेमाची लावत्यात. मोबाइलात बगितलं, तुमच्या कपाटात आईनं म्हणल्याली हायती की. आपल्या धाकल्या भनीच्या हळदीची."

तात्याबाची आणि रंभाबाईची आई येसूबाई. साऱ्या पंचक्रोशीत हळद असली की तिला बोलावणं यायचं. रेश्मानं पणजीला पाहिलेलं नव्हतं. ती मोबाइल उघडून म्हणाली, "आजी, हे बघा. 'येसूबाईंची हळदीची गाणी, वरचा कप्पा.' मला माझ्या हळदीला हाच आवाज पाहिजे."

मोबाइलात बघून आले. हिंदुरावाला विचारलं नाही. तो भिंतीला टेकून बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलाच्या दशा ओढू लागला.

रंभाबाईनं वरच्या कप्प्यातून डबी काढली. रेश्मानं पदर सावरला, तात्याबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. टेप लागला. खटखट खटखट खटखट. येसूबाई कुठली! हिंदुरावानं कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी भरून आणलेला मागांचा आवाज होता तो.

"ही कुटली हळद?" तात्याबा म्हणाला.

"थांब," हिंदुराव उठला. त्याला आठवत होतं ना! हळद आपण बारशाच्या डबीत घातली. बारशाच्या डबीतून निवडणुकीचं भाषण निघालं. मग जागरणाच्या डबीत. तिथं एक बाळ रडत होतं. बैलाच्या डबीतही हळद नव्हती. खरं सांगायचं तर त्या दुपारी कितीदा काय फिरवलं याचा पत्ता आता त्यालाच नव्हता.

एवढ्यात अंकिता कॉलेजातून आली. काय झालं ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला. ती एकेक डबी उघडून बघत होती आणि आवाज बारीक होत चालला होता. "माझंच चुकलं, आजी. फोटो काढताना मीच कॅसेटी इकडच्या तिकडं घातल्या असणार. रेश्माताईच्या हळदीचं मी वाटोळं केलं."

"अगं, तू न्हाय. ही बाईच खोटी," रंभाबाई म्हणाली आणि तिनं मोबाइल दूर सरकवून दिला. पालथा.

बघा, किती महिने हिंदुरावाला हेच हवं होतं. बाई पालथी पडली होती, रंभाबाईच्याच हातानं. आता गप्प बसलं की झालं. पण नात समोर रडायच्या बेतात होती, आणि रेश्मा डबीवरचं पणजीचं नाव अंगठ्यानं पुसत होती. हिंदुरावानं खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला.

"अंकिते, तुजं काय चुकलं न्हाय. बाईचं बी न्हाय. म्या फिरवल्या."

"तुमी?" रंभाबाई. "कशापायी?"

"मला कोण इचारीना म्हणून."

मग तात्याबाच्या पोटातून आधी गुडगुड आल्यासारखं झालं आणि तो असा हसत सुटला की टोपी मांडीवरून पडली. "दाजी! अवो मोबाइलवर जळलाय व्हय तुमी? बैल परवडला, तो निदान रुसून गप बसायचा!"

रंभाबाई हसली नाही. ती नवऱ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "आता बसा खाली. एकेक लावून बगायची. आन् तुमीच लावायची."

जमिनीवर चादर अंथरली, सगळ्या कॅसेटी तिच्यावर ओतल्या. हिंदुराव एकेक टेपात घालू लागला. मामा निघाला. बैल निघाला. मोटर निघाली. प्रत्येक आवाजाला रेश्मा विचारायची, हे कोण, ते काय, आणि हिंदुराव आधी खाली मान घालून, मग हळूहळू मान वर करून सांगायला लागला. आवाज ऐकून गुरम्मा आली आणि उंबऱ्यावर बसली. चहा झाला, परत झाला. भजनही सापडलं, पण शोधाच्या नादात तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. येसूबाई काही निघेना. चादरीवरचा ढीग संपत आला तसा हिंदुरावाचा आवाज परत बसत चालला.

"आईचा आवाज जाड व्हता," रंभाबाई रेश्माला सांगत होती. "आन् गाण्याच्या मदी धाडकन कायतरी पडतंय, मंग साऱ्या बायका हसत्यात."

"धाडकन?" गुरम्मा उंबऱ्यावरून उठली. "ती माझ्याकडं हाय की री! अण्णानंच दिली, भजन म्हणून!"

सगळे हिंदुरावाकडं बघायला लागले. त्याला ती सोमवारची भाकरी आणि दोनदा मागितलेली चटणी आठवली असेल.

"मंग तुमी सांगितलं न्हाय का?" त्यानं विचारलं.

"अण्णा एवढे खुशीत दिले, कसं सांगू? मला वाटलं, हे तुमच्यातलं दुसरं भजन असतंय. चांगलं हाय री, रोज देवापुढं लावते."

गुरम्मा पळत जाऊन कॅसेट घेऊन आली. टेपात घातली, आणि येसूबाईचा जाडाभरडा, थोडा हसरा आवाज त्या तापलेल्या खोलीत उभा राहिला. रंभाबाईनं पदर तोंडाला लावला. रेश्मानं आपला मोबाइल हळूच टेपाशेजारी ठेवून गाणं भरून घ्यायला सुरुवात केली. हिंदुरावानं तिकडं तिरक्या नजरेनं बघितलं. आता गाणंसुद्धा गेलं त्याच्या पोटात! मग गाण्याच्या ऐन मध्यावर आलं ते धाडकन, आणि बायकांचं खिदळणं.

रेश्मानं मोबाइलकडं पाहिलं नाही. हिंदुरावाकडं पाहिलं. "आजोबा, हे काय पडलं? हंडा?"

"हंडा कुटला, म्या!" हिंदुराव गुडघ्यावर उभा राहिला. "बायकांच्यात गड्याला कोण बसू देतंय? मंग म्या बाहीर खिडकीला शिडी लावून, माईक आत सोडून उभा. खालनं तात्याबाचा बैल आला, ह्योच रुसका, आन् शिडीला पाठ घासाया लागला..."

तात्याबा डोळे पुसत म्हणाला, "आन् तवा मातर हंबरला, गुलाम!"

रेश्मा हसता हसता बांगड्यांचे हात तोंडावर घेऊन बसली. गुरम्मानं शिडीपासून परत सांगायला लावलं. तात्याबानं घड्याळ बघितलं, एस.टी. निघून गेलेली, त्यानं पायात घातलेली चप्पल परत काढून ठेवली.

सांज झाली तशी अंकिता मोबाइल घेऊन चादरीवर बसली. डब्या आणि कॅसेटी जुळवून ती यादी नीट करत होती. येसूबाईची कॅसेट उचलून तिनं रेश्माच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, "आजोबा, ही तर आता गावाला चालली. हिच्यापुढं जागा काय लिहू?"

हिंदुरावानं रंभाबाईकडं बघितलं. पालथा पडलेला तिचा मोबाइल उचलला, टॉवेलानं पुसला आणि तिच्या हातात दिला. मग म्हणाला,

"लिव की, 'हिंदुरावाला इचारा.' आन् त्येच्याखाली बारीक अक्षरात लिव, 'च्या पिऊन जावा.'"